पूजेची तारीख ठरली, पण बाबा गप्प झालेत

"ताई, माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेले. मागच्या वर्षी त्यांना रेक्टमचा कॅन्सर निघाला. आधी रेडिएशन आणि केमो, मग मोठं ऑपरेशन, तेव्हा मल बाहेर यायला पोटावर पिशवी लावली. त्यानंतरच्या केमोपण झाल्या. आता पिशवी बंद करायचं शेवटचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी आहे, इथेच इंदूरला. घरात सगळे खूश आहेत. सासूबाईंनी घरी आल्यावर पाचव्या दिवशी सत्यनारायण ठरवलाय, नणंद बडोद्याहून येतीये, माझा आठ वर्षांचा मुलगा रोज विचारतो की पिशवी काढली की आजोबा परत क्रिकेट खेळतील ना. फक्त बाबाच गप्प झालेत. रात्री उठून बसतात. परवा मी पिशवी बदलत होते तर म्हणाले, 'राहू दे गं, हीच बरी.' मी काय समजू? आणि घर म्हणून आम्ही तयारी तरी काय करायची? – एक सून, राजेंद्र नगर, इंदूर"

तुझं पत्र दोनदा वाचलं गं, आणि दोन्ही वेळा "राहू दे गं, हीच बरी" इथेच अडकले. कारण हेच वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते हसून उडवून लावलं होतं. "अरे दादा, आता शेवटचंच तर आहे, मग सुटलास!" असं मीच म्हणाले होते, मला अजून आठवतं.

दादाचं पण अगदी हेच, रेक्टमचं. सात महिने पिशवी होती, मग ती बंद करायचं ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी घरी आला आणि आम्ही दारात रांगोळी काढली, श्रीखंड-पुरी, मसालेभात, वीस-बावीस माणसं, सगळं अगदी लग्नघरासारखं. आमचं घर जुनं, संडास मागच्या बाजूला, म्हणजे पुढच्या खोलीतून उठलं की सगळ्यांच्या मधून चालत जावं लागायचं. दादाने सगळ्यांच्या मनासाठी दोन घास भात खाल्ला आणि उठला. आला, बसला, परत उठला. संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत तो अकरा वेळा गेला, मी मोजलं नव्हतं, वहिनीने मोजलं होतं. दर वेळी तो पोटावर हात धरून मधून जायचा आणि दर वेळी सगळे बोलायचे थांबायचे. शेवटच्या वेळी त्याला पोचता नाही आलं. वहिनी चांगली साडी खोचून खाली बसून फरशी पुसत होती आणि दादाने आतून कडी लावून घेतली, ती शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उघडली नाही.

कोणाची चूक नव्हती त्यात. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं की पिशवी बंद झाल्यावर पुढे काय होतं. आम्हाला वाटलं नळ बंद होता, आता चालू झाला, बस.

तसं नसतं ते. रेक्टम म्हणजे मलाशय, शरीराचं स्टोअररूमच म्हण, तिथे मल साठतो आणि माणूस आपल्या सोयीने जातो. कॅन्सरसाठी तो भाग काढतात आणि वरचं आतडं खाली नेऊन जोडतात. तो जोड नीट भरावा म्हणून काही महिने मल पिशवीतून बाहेर काढतात. आता पिशवी बंद केली की रस्ता पुन्हा खालून सुरू होतो पण स्टोअररूम तर राहिलेलीच नसते, नव्या जोडात फार साठत नाही, रेडिएशनने तो भाग थोडा कडक झालेला असतो आणि खालचा जो स्नायू रोखून धरतो तो इतके महिने बिनकामाचा पडून होता. म्हणून सुरवातीला दिवसातून आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पण जावं लागतं, एकदा जाऊन आलं की दहा मिनिटांत परत, आणि आली की लगेच, थांबायला वेळ नाही. कधी कपड्यात होतं. जोड खूप खाली असेल आणि रेडिएशन झालेलं असेल तर बहुतेकांना हे कमी-जास्त होतंच. पहिले काही आठवडे सगळ्यात कठीण, मग हळूहळू कमी होत जातं, सहा महिने, वर्ष, काहींना दोन वर्षंपण लागतात. डॉक्टर याला लार्स (LARS) म्हणतात. हे नाव लक्षात ठेव, ओपीडीत विचारायला कामाला येईल.

आता बाबांकडे बघ. त्यांची बँकेतली नोकरी, म्हणजे इस्त्रीचा शर्ट, वेळेवर ऑफिस, शिस्तीचा माणूस असणार. पिशवीची त्यांना सवय झालीये. कधी भरते, कधी रिकामी करायची, बाहेर जाताना काय न्यायचं, हे सगळं त्यांच्या हातात आलंय. आणि आता कोणीतरी, डॉक्टरांनी किंवा वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटने, त्यांना सांगितलं असणार की नंतर थोडा त्रास होतो. त्यांना ऑपरेशनची भीती नसावी, मला वाटतं त्यांना भीती आहे ती ७१ व्या वर्षी सुनेसमोर पायजमा खराब होण्याची. पिशवी बदलताना तुझ्याशीच बोलले ना ते, सासूबाईंशी नाही, मुलाशी नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच तुझ्यासमोर त्यांना लाजपण सगळ्यात जास्त वाटते. माझा अंदाज चुकू शकतो, कॅन्सर परत येईल ही भीतीपण रात्री उठवते माणसाला. म्हणून विचारायला हवं.

पण तू विचारू नको. तुझ्या नवऱ्याला सांग. आणि समोरासमोर खुर्ची मांडून नको, आपल्याकडचे बापलोक असे बोलत नाहीत, सकाळी फिरायला नेऊ दे, बरोबर चालताना, समोर रस्त्याकडे बघत. "बाबा, कसं वाटतंय?" असं नको, त्याचं उत्तर "ठीक आहे" हेच येतं. सरळ म्हणू दे, "बाबा, मी वाचलं की पिशवी बंद झाल्यावर काही महिने खूप वेळा जावं लागतं, कधी कधी रोखता येत नाही. तुम्हाला त्याचं टेन्शन आहे का?" मुलाने आधी ते शब्द तोंडातून काढले की बापाला ते काढायची लाज राहत नाही. आणि मग मुलाने गप्प बसायचं. "काही नाही हो, सगळं ठीक होईल" हे म्हणायचं नाही, दादाला आम्ही हेच म्हणत राहिलो होतो.

दुसरं, जे घरात कोणाला ऐकायला आवडणार नाही. पिशवी बंद करायचं ऑपरेशन कॅन्सर काढायचं ऑपरेशन नाही. कॅन्सर मोठ्या ऑपरेशनमध्येच काढून टाकला. हे नाही केलं तर बाबांचा कॅन्सर वाढेल असं काही नसतं. ते पुढे ढकलता येतं आणि काही वयस्कर माणसं, ज्यांचा खालचा स्नायू आधीच कमजोर आहे, ती सर्जनशी बोलून पिशवी कायम ठेवायचं ठरवतात आणि चांगली जगतात. मी हे करा म्हणत नाही. बहुतेक लोक काही महिन्यांनी म्हणतात की बंद केली ते बरं झालं, दादापण म्हणतो. पण बाबांना माहीत असू दे की त्यांना विचारलं जाणार आहे, आणि "आत्ता नको" म्हणायचा त्यांना हक्क आहे. ऑपरेशनच्या आधीच्या ओपीडीत बाबा स्वतः, मुलगा आणि तू जा आणि बाबांच्या समोर सर्जनला विचारा: जोड किती खाली आहे, जोड नीट भरलाय का हे डाय टाकून एक्सरे किंवा दुर्बिणीने बघितलं का, खालच्या स्नायूची ताकद तपासली का, आणि यांच्यासारख्या पेशंटला पहिले तीन महिने काय अपेक्षा धरायची. प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेलं की डोकं रिकामं होतं.

बाबा हो म्हणाले तर हे तीन आठवडे खूप कामाचे आहेत. रोज चालणं, जेवढं दमणार नाही तेवढं. जेवणात प्रोटीन म्हणजे डाळीचं पाणी नाही, पनीर, दही, खात असतील तर अंडी, कारण केमोनंतर अंगात काही उरलेलं नसतं आणि जखम भरायला तेच लागतं. तंबाखू-सिगरेट काही असेल तर आजच बंद. आत तीन छोटे चेंडू असलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र मिळतं, त्यात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा, ते आत्तापासून सुरू करा, ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात दिलं की पेशंट वैतागतो. आणि खालच्या स्नायूचा व्यायाम, वायू रोखून धरताना जे आवळतो ते आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, दहा-दहा वेळा दिवसातून तीनदा, सर्जनला एकदा विचारून. हे बसल्या बसल्या टीव्ही बघताना होतं, कोणाला कळतपण नाही, बाबांना आवडेल बघ.

गोळ्यांची यादी करा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची, आयुर्वेदिक, काढे, सगळी. शुगरच्या काही नव्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी बंद करायला सांगतात, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं वेगळं असतं. मनाने काही बंद करू नका, भूलवाल्या डॉक्टरांना यादी दाखवा, ते लिहून देतील. उपाशी किती तास राहायचं तेपण त्यांनाच विचारा, घन अन्न साधारण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं असतं पण हॉस्पिटलचं जे सांगणं असेल ते पाळा.

पैशाचं. बाबा ७० च्या वर आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. काढलं नसेल तर आधार घेऊन काढून घ्या आणि तुमचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, मंजुरीला किती दिवस लागतात हे काउंटरवर आजच विचारा, ॲडमिट व्हायच्या दिवशी नाही. बँकेच्या रिटायर लोकांचा पुष्कळदा स्वतःचा मेडिक्लेमपण असतो, बाबांना त्याची फाइल कुठे आहे ते विचार. त्यांना विचार हं, तू शोधू नको. माणसाला आपलं काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटतं.

ऑपरेशन तसं छोटं, तासा-दीड तासाचं, पण भूल आणि रिकव्हरी धरून बाबा तीन-चार तास तुमच्या नजरेआड राहतील, तेव्हा दर वीस मिनिटांनी गार्डला विचारत बसू नका. हॉस्पिटलमध्ये साधारण चार-पाच दिवस. सगळे वाट बघतात ती एका गोष्टीची, वायू सरकायची. तोवर पोट फुगतं, मळमळतं, आतडं सुस्त पडलेलं असतं, चालवल्याने लवकर जागं होतं. रात्री मुलगा थांबू दे, तू नको. तिथे पहिल्यांदा खालून होईल ना, ते बहुतेक अंथरुणातच होईल, आणि त्या वेळी जवळ मुलगा असला तर बाबांना कमी लागेल. फोनवर सगळ्या नातेवाईकांना कळवायचं काम एकाला द्या, नणंदेला द्या, ती दुरून येतीये, तिला वाटतं आपण काही करू शकत नाही, हे तिला जमेल.

पोटावरची जखम बघून घाबरू नका. पिशवीच्या जागची जखम पुष्कळदा पूर्ण शिवत नाहीत, मधे थोडी मोकळी ठेवतात, ती आतून भरत येते, काही आठवडे ड्रेसिंग लागतं. दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, त्या जागी हर्निया होऊ शकतो, त्यामुळे गॅसची टाकी, पाण्याची बादली, नातवाला उचलणं, काही नाही.

आता घर. माझं ऐकशील तर ही सगळ्यात मोठी तयारी आहे. बाबांची झोपायची जागा संडासाच्या जवळ हलव, ते यायच्या आधी, आल्यावर नाही. बसायचा कमोड, धरायला भिंतीला दांडा, रात्रभर छोटा दिवा, जेटचं पाणी कोमट असेल तर उत्तम. टिशूने घासायचं नाही, धुवून मऊ कपड्याने टिपायचं आणि झिंकचं मलम लावायचं, आधीपासून, कातडी सोलून निघाल्यावर नाही. इतक्या वेळा गेलं की तिथे आग होते, दादा उभा राहून चहा प्यायचा. गादीवर रबरी चादर, तिच्यावर साधी चादर. मोठ्यांचे पँटसारखे डायपर मिळतात, ते तुझ्या नवऱ्याने आणून बाबांच्या कपाटात बनियनच्या खाली ठेवायचे आणि फक्त सांगायचं की तिथे आहेत. वापरायचे की नाही ते त्यांनी ठरवावं. आणि एक नियम, पहिले दोन महिने त्या संडासाची कडी आतून लागलेली असेल तर कोणी बाहेरून "झालं का?" म्हणायचं नाही.

खाणं थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मऊ भात, ताक-भात, मुगाची पातळ खिचडी, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाण्याची पेज, याने मल घट्ट होतो. सुरवातीला कच्चा कांदा, कोशिंबीर, राजमा-छोले, तिखट, तळलेलं नको. आणि हो, शेव नको. मला माहितीये इंदूरच्या घरात पोहे शेवेशिवाय म्हणजे शिक्षा आहे, पण सहा आठवडे डबा वर ठेवा, आणि सगळ्यांनीच ठेवा. दुधाने त्रास होतो का बघा. खूप पातळ होत असेल तर ओआरएस द्या आणि डॉक्टरांना विचारून थांबवायची गोळी, ती मनाने सुरू करू नका. ताप, पोट गच्च फुगणं, उलट्या आणि वायू बंद, जखमेतून पू किंवा मल, खूप दुखणं, लघवी कमी होणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजलेले असले तरी निघायचं. वॉर्डाचा नंबर फ्रीजवर चिकटव.

सत्यनारायणाचं सांगते. सासूबाईंचं मन मोडू नको, त्यांनी हे वर्ष कसं काढलंय ते त्यांनाच माहीत. पण पूजा आधी करून घ्या, ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी. आत्ता बाबा पाटावर दोन तास बसू शकतात, पिशवी रिकामी करून, ढगळ झब्बा घालून, सोवळ्याचा प्रश्न आला तर गुरुजींना आधी सांगा, समजूतदार असतील तर काही म्हणणार नाहीत. बाबांनी स्वतः कथा ऐकावी, नणंद तेव्हाच आली तर लोकांना भेटायचं ते तेव्हाच भेटून घेतील, शिऱ्याचा प्रसाद बाबा पोटभर खातील. सासूबाईंना असं सांग की देवाचं बोलावणं आधी करू म्हणजे तो बरोबर हॉस्पिटलमध्ये येईल. मी माझ्या आईला हेच सांगायला हवं होतं. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कोणी नाही, चहालापण नाही, आणि हे सांगायचं वाईटपण तुझ्या नवऱ्याने घ्यायचं, सुनेने घेतलं की वर्षभर पुरतं.

मुलाला खोटं सांगू नको. त्याला सांग की पिशवी निघेल, पण आजोबांचं पोट नवीन शाळेत गेल्यासारखं असेल, त्याला शिकायला खूप दिवस लागतील, आजोबा मधेच उठून पळतील तेव्हा हसायचं नाही आणि रस्ता सोडायचा. क्रिकेट नंतर. तोवर आजोबा अंपायर, खुर्चीत बसून. आठ वर्षांच्या मुलाला काम दिलं की तो मोठ्यांपेक्षा नीट करतो.

आणि "शेवटचं" हा शब्द जरा जपून वापरा घरात. ऑपरेशन शेवटचं, तपासण्या नाहीत. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी ओपीडी आणि रक्ताची सीईए टेस्ट (कॅन्सर परत येतोय का याचा अंदाज देणारी), मधे सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने आतडं बघणं, असं पाच वर्षं चालतं. बाबांना बँकेत कळायचं तसं हे पण कळेल, एक छोटी वही दे त्यांना, तारखा ते लिहितील. दादाने तशीच वही ठेवलीये, त्यात तो दिवसाला किती वेळा गेला तेपण लिहायचा, चौदा, बारा, बारा, नऊ. काल मी फोन केला तर म्हणाला, "दोन-तीन वर आलंय, आता वहीत फक्त दुधाचा हिशोब असतो."

तू स्वतः या सगळ्यात जेवतेस ना वेळेवर? पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही तुझी. इतके महिने सासऱ्याची पिशवी बदलणारी सून मी फार बघितलेली नाही. पिशव्या उरतील त्या लगेच कोणाला देऊन टाकू नको, दोन महिने जाऊ दे, मग ओपीडीतल्या स्टोमा नर्सला, म्हणजे पिशवीचं बघणाऱ्या नर्सला दे, एखाद्या नव्या पेशंटला लागतात, स्वस्त नसतात त्या.

नवरा बाबांना घेऊन फिरायला गेला की मला लिही, ते काय म्हणाले ते.